जुगाराच्या उपचारांच्या काळात घरचा पैसा कसा सांभाळायचा : क्रमाने काय करायचं, कुठे चुकतं

एटीएम कार्ड बायकोच्या कपाटात, फोनमधली ॲप उडवलेली, देवासमोर शपथ घेऊन झालेली. आणि तीन आठवड्यांनी मेसेज येतो : कर्जाची रक्कम खात्यात जमा झाली. क्रिकेट सट्टा, ऑनलाइन रमी किंवा शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या नादातून बाहेर पडू पाहणाऱ्या नागपुरातल्या घरांत हे पुन्हा पुन्हा घडतं. वस्तू काढून घेतल्या जातात, वाटा मोकळ्याच राहतात. कार्ड नसलं तरी आधारच्या ओटीपीवर नवा यूपीआय पिन बनतो. खात्यात दमडी नसली तरी ॲपवर बसल्याजागी कर्ज मिळतं. आणि बुकी तर उधारीवरच आयडी (सट्टा खेळायचं खातं) देतो, त्याला पैसे आधी लागतच नाहीत.

दुसरी चूक क्रमाची. घरचे आधी कर्ज फेडतात, मग वाटा बंद करतात आणि सगळ्यात शेवटी 'एकूण किती होतं रे?' असं विचारतात. हे उलट्या दिशेने करायचं असतं.

उपचार सुरू असतील किंवा तारीख मिळाली असेल, तरच पुढचं सगळं उपयोगाचं आहे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पहिलं पाऊल फोनवरूनच टाकायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. पैशाचा बंदोबस्त म्हणजे उपचार नव्हे. खेळायची तलफ येते, चढते आणि उतरते. ती उतरेपर्यंत हातात पैसा येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

सावधान : कर्जाचा आकडा बाहेर येण्याचे दिवस सगळ्यात नाजूक. 'मी नसलो तर तुम्ही सुटाल', 'विम्याचे पैसे मिळतील' असं काही बोलणं झालं तर वह्या-पासबुकं बाजूला ठेवा. माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हिशेब पुढच्या आठवड्यात केला तरी चालतो.

## टप्पा १ : संमती घ्या, आणि सांभाळणारा माणूस ठरवा

सज्ञान माणसाचा पैसा त्याचा असतो. बायको, भाऊ किंवा बाप असल्याने तो ताब्यात घेण्याचा हक्क मिळत नाही, आणि मानसोपचार सुरू आहेत म्हणूनही मिळत नाही. जे होईल ते त्याच्या होकारानेच. हा होकार घरच्या भांडणात न घेता समुपदेशकाच्या खोलीत घेतलेला बरा. तिथे शब्द मोजून वापरले जातात आणि नंतर कुणाला 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणता येत नाही.

एका कागदावर लिहा : कोणती खाती, कोण सांभाळणार, रोजचा खर्च किती, कशासाठी विचारायचं, आणि मुदत किती. मुदत लिहिलीच पाहिजे. 'सुधरेपर्यंत' ही मुदत नसते. तीन महिने ही असते. मुदत नसलेली व्यवस्था त्याला शिक्षा वाटते, आणि शिक्षेतून माणूस पळवाट काढतोच.

सांभाळणारा कसा असावा? शांत, फोनवरची बँकिंग येणारा आणि 'नाही' म्हणून पुन्हा जेवायला वाढू शकणारा. म्हाताऱ्या आईकडे हे काम देऊ नका, ती दुसऱ्या विनवणीला विरघळते. ज्या भावाचे स्वतःचे पैसे बुडालेत त्याच्याकडेही नको, तो प्रत्येक पावतीवर जुना राग काढेल. ज्याच्यासोबत मॅच पाहायला बसायचं, तो मित्र तर विचारातच घेऊ नका. घरात मारहाण किंवा धमक्या होत असतील तर बायकोला एकटीला यात उभं करू नका. पैसा बाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन याच कामाची आहे. खेळणारी बाईसुद्धा असू शकते. तेव्हा नवऱ्याने या निमित्ताने तिचा सगळाच पैसा आणि पगार कायमचा गिळू नये, यावर समुपदेशकाने लक्ष ठेवावं.

सावधान : मुखत्यारपत्र, घर नावावर करून घेणं, बक्षीसपत्र यातलं काहीही या धावपळीत करू नका. ते वकिलाकडे बसून, शांत डोक्याने, नंतर.

## टप्पा २ : मोजदाद

एक संध्याकाळ काढा. मॅच नसलेली. जेवण आधी उरकून घ्या.

फोन टेबलावर ठेवायचा आणि तो त्यानेच चालवायचा, घरच्यांनी फक्त लिहायचं. आधी मेसेजच्या पेटीत शोधा : 'ओटीपी', 'लोन', 'ईएमआय', 'मॅन्डेट', 'डिस्बर्स्ड'. इंग्रजीतच शोधा, बँका मेसेज इंग्रजीत पाठवतात. मेसेज पाठवणाऱ्यांची नावं खाली खाली सरकवत गेलात की घरच्यांनी कधी न ऐकलेली दोन-तीन नावं हमखास निघतात. मग ईमेल पाहा. मग प्रत्येक यूपीआय ॲप उघडून त्याला कोणती बँक जोडली आहे, कोणती ऑटोपे मंजुरी (पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी) चालू आहे, तेही लिहा.

एवढ्यावर थांबू नका, आठवणीवर तर मुळीच विसंबू नका. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. भारतात चार कंपन्या हे काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक कंपनी दर वर्षी एक पूर्ण रिपोर्ट फुकट देते. आज एक काढा आणि बाकीचे तीन-तीन महिन्यांनी एकेक काढत राहा, वर्षभराची पाळत बिनखर्चात होते. तुमचा रिपोर्ट कुणी पाहिला की या कंपन्यांनी एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं. त्यांच्याकडे नोंदवलेला ईमेल सांभाळणाऱ्यालाही दिसेल असा ठेवलात, तर नव्या कर्जाचा अर्ज पडताच घरात कळतं.

रिपोर्टात जे येत नाही ते तोंडी विचारायचं : बुकीची उधारी, सावकार, भिशी, पानठेला, ऑफिसातले सहकारी, साळा-साडू, आणि इतवारीच्या सराफ्यात गहाण पडलेलं काही. रक्कम नक्की आठवत नसेल तर अंदाज लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. पहिल्या बैठकीत आकडा पूर्ण निघत नाही. आठवड्याने आणखी एक कर्ज निघेल. त्यावर घर डोक्यावर घेतलंत तर तिसरं कधीच निघणार नाही.

तपासा : यादीत प्रत्येक ओळीत चार गोष्टी आहेत का? कुणाचं, किती, हप्ता कोणत्या तारखेला, आणि कोणत्या खात्यातून कापला जातो. चौथी गोष्ट पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा ३ : पैसा हलवा

लोक इथे पिन आणि पासवर्ड मागून घेतात. ते करू नका. दुसऱ्याचा पिन वापरून खातं चालवलं आणि उद्या काही फसवणूक झाली तर बँक हात वर करते, कारण पिन खातेदारानेच दिलेला असतो. शिवाय दिलेला पिन तो केव्हाही बदलू शकतो. बँकेत नोंदवलेला त्याचा मोबाइल नंबर काढून बायकोचा टाकणंही तसंच अर्धवट. खात्याची रचनाच अशी हवी की एकट्याला पैसा काढता येऊ नये.

त्यासाठी 'दोघांच्या सहीने' चालणारं संयुक्त बचत खातं उघडा. फॉर्मवर खातं कसं चालवायचं या रकान्यात 'कुणीही एक' असं छापील असतं, त्यावर डोळे मिटून टिक करू नका. दोघांच्या सहीच्या खात्यावर बहुतेक बँका एटीएम कार्ड आणि यूपीआय देत नाहीत. एरवी ही अडचण वाटते, पण आपल्याला तेच हवं आहे. जवळच्या शाखेत उघडा, कारण दर खेपेला स्लिप भरून जावं लागेल.

मग या क्रमाने जा :

1. पहिलं नाव पगारदाराचं ठेवून नव्या खात्याचा नंबर एचआरला द्या. हिंगणा, बुटीबोरी, मिहानमधल्या कंपन्यांत महिन्याची ठरावीक तारीख उलटली की बदल पुढच्या पगाराला लागतो. ती तारीख आधी विचारा. मधला एक पगार जुन्याच खात्यात येईल, त्या दिवशी दोघांनी मिळून तो हलवायचा.
2. घरखर्चासाठी सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम वळवा.
3. जुन्या खात्यात फक्त त्या महिन्याच्या हप्त्यांपुरता पैसा, तोही हप्त्याच्या आदल्या दिवशी.
4. मुदत ठेवी आणि लॉकर 'दोघांच्या सहीने' करून घ्या. एकट्याच्या नावची ठेव रात्री बारा वाजताही फोनवरून मोडता येते.

सावधान : जुनं खातं रागाच्या भरात बंद करू नका. त्यावरून चार हप्ते कापले जात असतील तर चारही परत जातील, दंड लागेल आणि वसुलीवाले फोन सुरू करतील. आधी हप्ते दुसरीकडे जोडा, मग खातं बंद करा.

धंदा असणाऱ्यांचं वेगळं. कळमन्यात अडत असो की गोकुळपेठेत दुकान, रोकड रोज हातात येते. दुकानाचा क्यूआर सांभाळणाऱ्याच्या किंवा संयुक्त खात्याला जोडा, गल्ला रोज संध्याकाळी दोघांनी मोजा, आणि मालवाल्यांचे पैसे हातातून न देता थेट खात्यातून पाठवा. क्यूआर देणाऱ्या कंपन्या व्यापाऱ्याला त्याच ॲपमध्ये कर्ज देऊ करतात. ते बटण बहुतेकांच्या यादीत नसतं. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा असणाऱ्यांनी बहार विकायच्या आधीच सौद्याची रक्कम कोणत्या खात्यात येणार हे व्यापाऱ्याला सांगून ठेवावं. एकदम हातात आलेली मोठी रक्कम ही सगळ्यात धोक्याची वेळ.

## टप्पा ४ : वाटा बंद करा

पैसा हलल्यावरच हा टप्पा. प्रत्येक वाट त्याने स्वतः, सांभाळणाऱ्यासमोर बंद करायची आणि यादीत खूण करायची.

यूपीआय. प्रत्येक ॲपमधून बँक खातं काढा आणि यूपीआय आयडी रद्द करा. ॲप उडवल्याने आयडी रद्द होत नाही. यूपीआय लाइट आठवणीने बंद करा : त्यात ५,००० रुपयांपर्यंत राहतात आणि १,००० पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो.

कार्ड. डेबिट कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करण्याची सोय बँकेच्या ॲपमध्येच आहे. क्रेडिट कार्ड कात्रीने कापल्याने काही होत नाही, त्याचा नंबर चालूच राहतो. थकबाकी भरून बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केलं पाहिजे. 'आता घ्या, नंतर द्या' वाल्या सोयीही यातच धरा.

शेअर बाजार. ऑप्शनमध्ये खेळणाऱ्याला 'हा तर अभ्यास आहे' असं वाटत असतं. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांचं नुकसान झालेलं दिसलं, एवढं पुरे. ब्रोकरला ट्रेडिंग खातं स्वेच्छेने गोठवण्याची सोय द्यावी लागते, ती मागा. नागपूरचा जुना आजार असलेला डब्बा ट्रेडिंग, म्हणजे शेअर बाजाराबाहेर भावांवर लावलेला बेकायदा सट्टा, मात्र कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. तिथे माणूसच तोडावा लागतो.

साठवलेला पैसा. पीएफची आगाऊ रक्कम, पीपीएफवरचं कर्ज, विमा पॉलिसीवरचं कर्ज. पॉलिसीचे बाँड सांभाळणाऱ्याकडे द्या आणि पीएफचा पासबुक मेसेज कुणाच्या फोनवर येतो ते बघा.

सोनं. गोल्ड लोनला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दागिने घरात नकोत, दोघांच्या सहीच्या लॉकरमध्ये ठेवा. रोज अंगावरची अंगठी-साखळीसुद्धा मोजा.

अंगठा. आधार आणि बोटाच्या ठशावर किराणा दुकानातूनही रोकड मिळते. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. तो ते उघडू शकतो, पण उघडायला वेळ लागतो, आणि वेळच हवा आहे.

माणसं. ही वाट सगळ्यात जड. जवळच्या सात-आठ जणांना त्याने स्वतःच्या हाताने मेसेज करायचा : 'मी उपचार घेत आहे, मला उधार देऊ नका, मागितलं तर घरी कळवा.' घरच्यांनी परस्पर पाठवला तर ती बदनामी होते. त्याने पाठवला तर मित्रांना 'नाही' म्हणायला कारण मिळतं. बुकीचे आणि आयडीवाल्यांचे ग्रुप सोडून सिम बदला. जुना नंबर बँकेला जोडलेला असेल तर आधी बँकेत बदला.

सावधान : 'आयडीत चाळीस हजार अडकलेत, तेवढा विड्रॉल काढतो आणि सोडतो' हे वाक्य ऐकायला येणारच. तो पैसा कुणातरी अनोळखी माणसाच्या भाड्याच्या खात्यातून येतो आणि सायबर पोलिसांच्या तपासात तुमचंच खातं गोठू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केल्यावर जे उरलं आहे ते असंच आडवाटेने चालतं. अडकलेले पैसे गेले असं समजा.

## टप्पा ५ : रोजचा खर्च

अजिबात पैसे न देणं ही तितकीच मोठी चूक. खिशात चहाचे पैसे नसलेला माणूस पहिल्याच दिवशी ऑफिसात उधार मागतो.

आठवड्याची रक्कम ठरवा आणि ती दोनदा विभागून द्या, सोमवारी आणि गुरुवारी. पेट्रोल सांभाळणाऱ्याने भरावं. मेट्रोने जाणाऱ्याच्या महाकार्डात पैसे टाकावेत. चहा, नाश्ता, खर्रा (तंबाखू-सुपारीचा; तोही सोडायचाच आहे, पण दोन्ही लढाया एकाच महिन्यात नकोत) धरून जो आकडा येईल तो रोख. ५० रुपयांवरच्या खर्चाची पावती किंवा वहीत नोंद, एवढाच नियम. उलटतपासणी नको. 'काहून पाहिजे?' हा प्रश्न रोज आला की माणूस खोटं बोलायला शिकतो.

रोख चालत नसेल तर यूपीआय सर्कल वापरा. सांभाळणाऱ्याच्या खात्यावर त्याला दुय्यम वापरकर्ता करता येतं. यात दोन प्रकार आहेत : एकात प्रत्येक व्यवहाराला सांभाळणाऱ्याचा पिन लागतो, दुसऱ्यात महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत त्याला स्वतः खर्च करता येतो. पहिले तीन महिने पहिलाच प्रकार.

तपासा : महिन्याचं पान समुपदेशकाला दाखवता का? कोणत्या वारी, कोणत्या वेळी जास्त पैसे मागितले गेले, यातून तलफ कधी येते ते कळतं. हे पान उपचाराच्या कामाचं आहे.

## टप्पा ६ : कर्ज

शेत विकून, पीएफ काढून सगळं एकरकमी फेडण्याचा मोह घरच्यांना होतो. थांबा. कोरी पाटी मिळालेल्या माणसाला पुन्हा उधारी मिळते. हप्ते त्याच्याच पगारातून, त्याला दिसतील असे जाऊ द्या.

क्रम असा : आधी भाडं, लाईट बिल, शाळेची फी, औषधं आणि किराणा. मग तारण असलेली कर्जं, कारण सोनं लिलावात जातं. मग बँका आणि वित्तसंस्था. त्यांना पत्र देऊन हप्ता कमी करून मागा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग नातेवाईक-मित्र.

बुकीची उधारी सगळ्यात शेवटी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल असतो, त्या उधारीची वसुली कोर्टातून होत नाही. पण बुकी कोर्टात जात नाही, दारात येतो. धमकी आली की ११२ ला फोन करा आणि मेसेज जपून ठेवा. सावकाराकडे परवाना नसेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. सही करून दिलेले कोरे चेक कुणाकडे आहेत त्याची वेगळी यादी करा. चेक परत गेल्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांची मुदत असते. ते पाकीट न उघडता फ्रिजवर ठेवू नका, त्याच दिवशी वकिलाकडे जा.

## टप्पा ७ : घसरला तर, आणि हळूहळू परत देताना

घसरणं होतं. पहिल्या तासात तीनच कामं : किती गेले ते विचारा, कोणत्या वाटेने गेले ते शोधा, ती वाट बंद करा. पैसे लगेच भरून देऊ नका. ॲपवरून कर्ज काढलं असेल तर घाई करा : डिजिटल कर्जात ठरावीक मुदतीत, निदान एक दिवस, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत करारात लिहिलेली असते. मग समुपदेशकाची पुढची तारीख अलीकडे ओढा.

पैसा परत देणं डॉक्टरांशी बोलून, एका वेळी एकच वाट. आधी आठवड्याची रक्कम महिन्याची करा. ती दोन-तीन महिने नीट चालली तर सर्कलमधला दुसरा प्रकार. मग कमी मर्यादेचं डेबिट कार्ड, ऑनलाइन व्यवहार बंद ठेवून. क्रेडिट कार्ड आणि ट्रेडिंग खातं या यादीत नाहीत.

नवी मोकळीक देण्याची तारीख कॅलेंडर पाहून ठरवा. आयपीएलचे दोन महिने, पोळा, दिवाळी, बोनसचा महिना आणि ठेव किंवा पॉलिसीची मुदत संपण्याचे दिवस सोडून. पोळ्याला गावी पत्ते बसतात आणि 'रीत म्हणून एक डाव' म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो; त्या दिवशी खिशात एसटीच्या तिकिटापुरतेच पैसे असावेत, आणि काकाला आदल्या दिवशी फोन गेलेला असावा.